विंडोज ७ वर फायरफॉक्स ११५ ईएसआर: काही महिने वापरल्यानंतर

मामांच्या डेस्कटॉपवर निम्म्या साइट्स 'तुमचे कनेक्शन खाजगी नाही' म्हणत अडायच्या. दुरुस्तीवाल्याने दोन उपाय सांगितले: नवीन पीसी घ्या, नाहीतर 'ॲडव्हान्स्ड'वर जाऊन 'तरीही पुढे जा' दाबा. पहिला मला पटत नाही, मशीन ठणठणीत आहे. दुसऱ्याचा तर संतापच येतो. खरा धोका असेल त्या दिवशीही मामा सवयीने तेच बटण दाबणार!

म्हणून फायरफॉक्स ११५ ईएसआर, म्हणजे त्या ब्राउझरची लांब मुदतीची आवृत्ती, टाकलं. साइट खरी असल्याचा दाखला म्हणजे तिचं सर्टिफिकेट, आणि त्यावर विश्वास ठेवला जातो तो त्यामागच्या रूट सर्टिफिकेटाच्या भरवशावर. मामांचं जुनं क्रोम विंडोजच्याच रूट सर्टिफिकेटांच्या यादीवर चालायचं आणि ती यादी कित्येक वर्षं अपडेट झालेली नव्हती. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सर्टिफिकेटं देणाऱ्या संस्थेच्या सर्टिफिकेटांना आधार देणारं जुनं रूट ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं. नवं, म्हणजे आयएसआरजी रूट एक्स१, त्या यादीत नव्हतंच. फायरफॉक्स स्वतःची यादी बरोबर घेऊन येतं. टाकताच साइट्स उघडल्या. तेव्हा विचारलं असतं तर मी पाचपैकी पाच दिले असते.

आता चार देईन. मध्यंतरी एका सकाळी एकही साइट उघडेना. कोपऱ्यातली तारीख पाहिली तर १ जानेवारी २००९! सर्टिफिकेटची मुदत संपलेली नव्हती, त्या घड्याळाच्या हिशेबाने ती अजून सुरूच झालेली नव्हती. तारीख हाताने दुरुस्त करावी, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

दोष मदरबोर्डवरच्या सीआर२०३२ सेलचा. मामा रात्री भिंतीवरचं बटण बंद करतात. वीज असेपर्यंत घड्याळ तिच्यावर चालतं, बंद झाली की सगळा भार त्या ३ व्होल्टच्या सेलवर. विंडोज ७ इंटरनेटवरून वेळ जुळवतं खरं, पण फरक वर्षांचा असेल तर आपणहून जुळवत नाही. म्हणून माझं ठाम मत: सर्टिफिकेटची तक्रार आली की ब्राउझरला हात लावण्याआधी घड्याळ बघा, आणि फक्त तास-मिनिटं नव्हे, सालसुद्धा. पूर्वी सर्टिफिकेटं दोन-तीन वर्षांची असत, घड्याळ थोडं मागे असलं तरी खपून जायचं. लेट्स एन्क्रिप्टची ९० दिवसांची असतात, तिथे दोन-तीन महिन्यांची चूकही नडते.

सेल बदलणं सोपं, + बाजू वर. त्याआधी बायोसच्या (पीसी सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सेटिंगचे फोटो काढून ठेवा. सेल काढला की ती मूळ पदावर जाऊ शकतात. त्यातला साटा मोड, म्हणजे हार्ड डिस्कशी बोलण्याची पद्धत, एएचसीआयवरून आयडीईवर गेला तर विंडोज निळ्या स्क्रीनवर अडकतं.

तेव्हापासून तक्रार नाही. एक तारा कापला तो फायरफॉक्सचा नाही, विंडोज ७ चा आहे. त्याचे सर्वसाधारण सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले, ती उणीव कुठलाही ब्राउझर भरून काढत नाही. त्यामुळे बातम्या, मेल, फोटो या पीसीवर. बँकेचं काम मामा फोनवरूनच करतात.