डनलॉप मॅक्स २००जी: स्टेफीची रॅकेट हातात घेतल्यावर

आधीच सांगते, मॅचेस जिंकायच्या असतील तर ही रॅकेट घेऊ नका. स्टेफी ग्राफ काय चीज होती हे हाताला कळायला हवं असेल, तर जरूर घ्या.

आम्ही जर्मनीत वालडॉर्फला राहतो. स्टेफीचं गाव ब्रूल इथून जवळच, आणि या भागात प्रत्येक क्लबात एखादे तरी आजोबा 'आमची स्टेफी' म्हणून सुरू होतात. ही जुनी मॅक्स २००जी जुन्या बाजारात पंचवीस युरोंना मिळाली. विकणाऱ्याने 'अगदी नव्यासारखी' म्हणून गळ्यात मारली. घरी आणून ग्रिप सोडली, तर आतलं चामडं पापडासारखं मोडत होतं. नवी ग्रिप आणि तारा यांनाच रॅकेटपेक्षा जास्त पैसे गेले.

फ्रेम मात्र बघत बसावी अशी. बाकीच्या ग्राफाइट रॅकेटी कार्बनचे थर गुंडाळून करतात, ही साच्यात ओतलेली आहे. नायलॉनमध्ये कार्बनचे बारीक तंतू मिसळायचे, मध्ये लवकर वितळणाऱ्या धातूचा गाभा ठेवायचा आणि शेवटी तो वितळवून काढला की फ्रेम पोकळ! तारांची भोकंसुद्धा साच्यातूनच आलेली. नायलॉनमुळे ती चांगली लवते, त्यामुळे मनगटाला झटका म्हणून बसत नाही. कोपरदुखीवाल्यांनी एकदा मारून बघावं.

आता दुसरी बाजू. डोकं, म्हणजे तारांचा भाग, जेमतेम ८५ चौरस इंचांचं, वजन तारांसकट ३५० ग्रॅमच्या वर. हल्लीच्या १०० इंचीवर आळशीपणा खपून जातो. इथे पाय अर्धं पाऊल कमी पडले की चेंडू फ्रेमला लागून थेट शेजारच्या कोर्टवर, आणि मग 'एंटशुल्डिगुंग' (माफ करा) म्हणत आपण त्याच्यामागे. दुसऱ्या सेटला खांदा भरून येतो तो वेगळाच.

पण स्लाइस, म्हणजे चेंडू खालून कापत मारायचा फटका! वजनामुळे रॅकेट आपोआप चेंडूखालून आरपार जाते आणि चेंडू लाल मातीवर सरपटत जातो, उठायचं नावच घेत नाही. आमच्या क्लबातल्या दोन हाती बॅकहँडवाल्या पोरी गुडघे वाकवून वाकवून वैतागल्या.

स्टेफीचा बॅकहँड म्हणजे बहुतेक वेळा हाच स्लाइस. त्याने समोरचीला खाली वाकवायचं आणि तेवढ्यात पळत बॅकहँडच्या कोपऱ्यात जाऊन फोरहँड हाणायचा. टीव्हीवर बघताना सगळं कौतुक त्या फोरहँडचंच वाटायचं. या रॅकेटने तो मारायला गेलं की कळतं, खरी कमाल तिच्या पायांची. १९८८च्या विम्बल्डन फायनलमध्ये नवरातिलोव्हा पहिला सेट ७-५ घेऊन दुसऱ्यात २-० पुढे होती. तिथून पुढच्या तेरापैकी बारा गेम स्टेफीने काढल्या, याच मॅक्स २००जीने. त्या वर्षी चारही ग्रँड स्लॅम आणि सोलचं ऑलिंपिक सुवर्ण. फ्रेंचची फायनल तर झ्वेरेवाविरुद्ध ६-०, ६-०. बिचारी झ्वेरेवा.

नव्वदच्या दशकात ती विल्सनकडे गेली. १९९९ साली हिंगिसला हरवून बाविसावी आणि शेवटची स्लॅम जिंकली ती विल्सननेच, आणि त्याच ऑगस्टमध्ये निवृत्त झाली. पण ३७७ आठवडे पहिल्या नंबरवर राहिलेल्या बाईचा पाया या जड, हट्टी फ्रेमवर पक्का झाला असं माझं मत आहे.

घेणार असाल तर भोकांच्या कडांना बारीक चिरा आहेत का ते उजेडात धरून बघा. तारा ढिल्या आणि मऊ बसवा, जुन्या फ्रेमला कडक पॉलिएस्टर नको. आणि ऑगस्टच्या उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका.