बामणोलीची लाँच : दोघांनी घ्यावी का?

साताऱ्यातून बोगदा, यवतेश्वर, पेट्री, कास असं करत बामणोली साधारण ३५ किलोमीटर. कासला फुलं असताना शनिवार-रविवार टाळा. पठारावरच्या कोंडीत सकाळ जाते, आणि बामणोलीला लागून असलेला कोयना धरणाचा शिवसागर जलाशय बघावा तो सकाळीच.

लाँचचं भाडं माणशी नसतं, अख्ख्या लाँचचं असतं, म्हणजे दोघांनाही आठ जणांइतकेच पैसे पडतात. म्हणून बहुतेक जोडपी वासोटा किल्ल्याला निघालेल्या एखाद्या ग्रुपमध्ये शिरतात. गडच चढायचा असेल तर ते बरोबर आहे. पण हिशोब बघा: गडाच्या पायथ्याच्या मेट इंदवलीपर्यंत पाण्यावरून तास-दीड तास, वर चढायला दोन-अडीच तास, तेवढंच परत. त्यात वनखात्याची परवानगी, ओळखपत्र, प्लास्टिकच्या वस्तूंची मोजणी, आणि मुक्कामाला बंदी असल्याने अंधाराच्या आत परतायची घाई. पाणी फक्त ये-जा करताना दिसतं. पाण्यासाठीच जायचं असेल तर वासोटा दुसऱ्या दिवसावर टाका, पूर्ण लाँच घ्या आणि दत्तमंदिर करून कोयना, सोळशी, कांदाटीच्या संगमाकडे वळा. दोघांसाठी पैसे वसूल होतात ते याच फेरीत. कुठे किती वेळ थांबायचं ते मात्र निघण्याआधी बोलून घ्या, नाहीतर भाड्यावरून वाद ठरलेला.

लाँच निवडताना रंग आणि गाद्या बघू नका. मागे टांगलेलं आउटबोर्ड इंजिन असेल तर ते सुरू झाल्यावर बाजूच्या छोट्या भोकातून पाण्याची बारीक, सलग धार पडली पाहिजे. इंजिन थंड करणारं पाणी आत फिरतंय याची ती खूण. धार तुटक पडते किंवा पडतच नाही, तेव्हा खालच्या जाळीत पिशवी किंवा शेवाळ अडकलेलं असतं, नाहीतर पंपातली रबरी चक्री झिजलेली असते. अशा इंजिनाला मध्यावर हमखास ताप येतो. धक्क्यावर जाळी साफ करायला पाच मिनिटं पुरतात, भर पाण्यात अर्धा तासही कमी पडतो. इंजिन आत बसवलेलं डिझेलचं असेल तर तळातलं पाणी बघा. ओंजळभर असेल तर चालतं. त्यावर तेलाचा तवंग असेल किंवा पाणी फळीला लागलं असेल तर दुसरी लाँच मागा. इंधनाचा नियम समुद्रातलाच: एक भाग जायला, एक यायला, एक राखीव. जास्तीचा कॅन आहे का, हे विचारायला लाजू नका. वल्हं किंवा लांब बांबू आणि एक दोरही हवाच.

समुद्रावर बोट चालवलेल्यांना इथे दोन फरक जाणवतील. गोड्या पाण्यात तीच बोट किंचित खोल बसते, म्हणून काठोकाठ भरलेली लाँच इथे अधिक जपून हाकावी लागते. दुसरा फरक पातळीचा. भरती-ओहोटी नाही, पण धरण भरलं की १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी, आणि वीज व शेतीसाठी पाणी सुटत गेलं की काठ मागे सरकत जातो. मार्चनंतर धक्क्यापासून लाँचपर्यंत चिखल-दगडांतून उतरावं लागतं. त्याहून वाईट म्हणजे बुडालेल्या जुन्या झाडांचे खुंट पाण्याखाली वीतभर राहतात. पंखा खुंटाला लागला की पाती वाकते, इंजिन थरथरतं, कधी आतली पिन तुटते आणि इंजिन चालूनही बोट जागची हलत नाही. ही पिन मुद्दाम कमजोर ठेवतात, गिअर वाचावा म्हणून. सुटी पिन आणि पाना बरोबर ठेवणाऱ्या नावाड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवावा. काठाजवळ वेग कमी करणारा नावाडी चांगला. तो आळशी नाही, त्याला खुंट ठाऊक असतात.

लाइफ जॅकेट मागून घ्यावं लागतं हे खटकतं. ते चढतानाच हातात मिळायला हवं. पट्टे आवळून कुणाला तरी खांद्यावरून वर ओढायला सांगा. हनुवटीच्या वर सरकलं तर ते तुमच्या मापाचं नाही. दाबल्यावर आतला फोम पुन्हा फुगत नसेल तर तेही बदला.

वेळेचं गणित वाऱ्यावर बांधा. सकाळी पाणी आरशासारखं असतं, दुपारनंतर वारा उठतो. जलाशय लांबच लांब, म्हणून वाऱ्याला धावायला जागा मिळते आणि आखूड, टोकदार लाटा तयार होतात. बुटक्या कडांच्या लाँचमध्ये त्या थेट अंगावर येतात. दोघेच असाल तर दोघांनी एकाच बाजूला बसू नका, पुढच्या टोकाला तर नकोच, कारण नाक खाली गेलं की लाट आत येते. मधल्या फळीवर, समोरासमोर बसा. थंडीत पहाटे धुकं असतं, ते उठेपर्यंत नावाडी थांबला तर घाई करू नका.

महिने ऑक्टोबर ते जानेवारी, त्यातही नोव्हेंबर सर्वांत चांगला: पाणी भरलेलं, जळवा कमी, आकाश स्वच्छ. मोबाईलची रेंज भरवशाची नाही, म्हणून परतायची वेळ धक्क्यावर कुणाला तरी सांगून ठेवा. जेवणही निघण्याआधीच सांगा. आल्यावर गरम भाकरी मिळते.