रेसिपी २०१६, आठ महिन्यांनंतर: पाण्याने घात केला

पिंपळगाव बसवंतजवळच्या एका द्राक्ष पॅकहाउसचं कागदोपत्री काम माझ्याकडे आहे. युरोपातल्या खरेदीदाराला एलसीए हवा होता, म्हणजे मालाचा पर्यावरणावर बागेपासून पुढे किती भार पडतो त्याचा हिशेब. तो माझ्याच गळ्यात पडला. त्याचं सॉफ्टवेअर ओपनएलसीए फुकट, भार मोजायच्या पद्धतींचा संचही फुकट. त्यातून रेसिपी २०१६ ही पद्धत उचलली. त्यात मिडपॉइंट, म्हणजे हवामान, पाणी अशा प्रत्येक वर्गाचा वेगळा आकडा, आणि हायरार्किस्ट, म्हणजे हवामानाचा हिशेब शंभर वर्षांचा. एलसीएचं मानक आयएसओ १४०४४ अमुकच पद्धत घ्या म्हणत नाही, का घेतली ते सांगा म्हणतं. मी 'सर्वमान्य' असं लिहून मोकळा झालो.

जानेवारीत अहवाल परत आला. शेरा एकच: पाणी नुसतं घनमीटरमध्ये का?

तेव्हा कुठे नीट वाचलं. रेसिपीच्या मिडपॉइंटला खर्ची पडलेला एक घनमीटर म्हणजे एक घनमीटर, मग तो नॉर्वेतला असो की निफाडातला. गंगापूर धरणातून जायकवाडीला पाणी सोडायचं निघालं की इथे आंदोलनं होतात, प्रकरण कोर्टात जातं. आणि मी, नाशिकचा माणूस, या आकड्यावर आठ महिने सही करत होतो!

सल्लागाराने नव्याने गणित करायचे जे पैसे सांगितले, त्यात दोन एकरांच्या ठिबकच्या नळ्या बदलून झाल्या असत्या. म्हणून स्वतःच युरोपीय कमिशनच्या ईएफ ३.१ या पद्धतीवर गेलो. रेसिपीत भाराचे १८ वर्ग, इथे १६. हवामानाच्या आकड्यात फारसा फरक पडला नाही, आमचा बराचसा भार प्रीकूलिंगच्या, म्हणजे द्राक्षं पॅकिंगनंतर थंड करायच्या विजेचाच. फवारणीच्या बोर्डो मिश्रणातल्या मोरचुदाच्या विषारीपणाचा आकडा मात्र दोन्हीकडे वेगळ्याच एककात येतो, तुलना करायला जाऊ नका. मी एक रविवार घालवला.

ईएफमध्ये पाण्याला अवेअर पद्धत आहे. माणसांची आणि निसर्गाची गरज भागल्यावर त्या भागात किती पाणी उरतं, त्यावरून ०.१ ते १०० असा गुणक लागतो. हेच तर हवं होतं! पण सॉफ्टवेअरमधल्या पाण्याच्या नोंदीला देश लावायला विसरलात, तर सॉफ्टवेअर चूपचाप जागतिक सरासरी लावून मोकळं होतं. पहिला अहवाल मी तसाच काढला होता.

'ईएफच घ्या' असं इथे लिहायला बसलो होतो. ते आता मागे घेतो. देश लावला की अख्ख्या भारताला वर्षाचा एकच गुणक. इगतपुरी आणि सिन्नर एकाच भावात! एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बागेला दिलेलं पाणी आणि श्रावणातलं पाणीही एकाच भावात. नॉर्वे-निफाडचं भांडण मिटलं, घरातलं राहिलं.

मूळ अवेअरमध्ये खोऱ्यावार, महिनावार गुणक आहेत आणि तेही फुकट मिळतात. सॉफ्टवेअरचा नाद सोडून एक्सेलमध्ये बारा रकाने पाडले. रेसिपी इतर वर्गांसाठी ठेवली आहे, एवढं सगळं पुन्हा कोण करणार? पाणी तेवढं वेगळं जोडतो.

आता रकान्यांत भरायला महिनावार पाणी हवं. आमच्या बागायतदारांपैकी एकाकडेच मीटर आहे. दुसऱ्याला फोन केला, "काका, मे महिन्यात रोज किती पाणी देता?"

म्हणाले, "लाइट असेल तेवढं."