एसी साडेपाच टनांचा, डक्ट निम्म्या मापाचा

धुळ्यात देवपूर भागातल्या एका नव्या बंगल्यात साडेपाच टनांचा डक्टेबल एसी बसवला गेला, म्हणजे एकच मशीन आणि त्याची थंड हवा छताखालच्या पत्र्याच्या चौकोनी नळीतून, डक्टमधून, खोल्यांत नेणारा. हॉल आणि दोन बेडरूम मिळून जागा ८०० चौरस फुटांची, मजला वरचाच, म्हणजे स्लॅब दिवसभर उन्हात. वरच्या मजल्याला आपल्याकडे टनामागे १२० ते १५० चौरस फूट धरतात, इथे ते १४५ पडत होते. मशीन काही कमी नव्हतं. तरी मे महिन्यात दुपारी मागची बेडरूम ३१ अंशांखाली येईना. हॉलमध्ये हवेच्या जाळीखाली बसलेल्या माणसाला अंगावर चादर घ्यावी लागे, आणि हवेचा आवाज एवढा की टीव्ही मोठा करावा लागे. ठेकेदाराला बोलावलं. त्याने वर नजर टाकली आणि निकाल दिला, "भाऊ, मशीन धाकलं पडी ऱ्हायनं." म्हणजे लहान पडतंय. साडेआठ टनांचं घ्या, हे मी परत घेतो, वरचा फरक तेवढा द्या.

फरक द्यायच्या आधी घरमालकांनी दुसऱ्या जाणकाराकडून काम तपासून घेतलं, म्हणून पुढचं सगळं उघडं पडलं. खान्देशात डक्टिंगच्या कामात होणाऱ्या लबाड्यांपैकी बहुतेक या एकाच घरात सापडल्या. ठेकेदाराचं नाव इथे महत्त्वाचं नाही, पद्धत महत्त्वाची आहे.

मशीन लहान आहे की हवा पोचत नाही, हे साध्या डिजिटल थर्मामीटरने कळतं. मशीन वीस मिनिटं चालू द्या. मशीनमध्ये परत जाणाऱ्या हवेचं आणि मशीनमधून निघणाऱ्या थंड हवेचं तापमान घ्या. दोन्हींत १० ते १२ अंशांचा फरक म्हणजे काम ठीक. फरक सहा-सातच असेल तर मशीनमध्ये, गॅसमध्ये किंवा आउटडोरमध्ये खोट आहे. पण फरक १६-१७ अंश आणि खोली तरीही गरम, तर मशीन थंडी तयार करतंय आणि ती डक्टमध्ये अडून राहतेय. देवपूरच्या घरात फरक १७ अंश होता. मोठं मशीन बसवलं असतं तर त्याच अरुंद डक्टमधून हवा आणखी घुसमटली असती, आवाज वाढला असता आणि मशीनमधल्या थंड नळ्यांच्या जाळ्यावर, कॉइलवर, बर्फ धरला असता.

बर्फ धरला की दुसरी लबाडी सुरू होते: "गॅस संपला." गॅस स्कूटरमधल्या पेट्रोलसारखा संपत नसतो. कुठे गळती असेल तरच तो कमी होतो. गळती न शोधता दर उन्हाळ्यात गॅस भरून पैसे नेणारा माणूस बदला. कॉइलवर बर्फ हवा कमी पडल्यानेही धरतो, म्हणून आधी फिल्टर आणि डक्ट बघायला सांगा.

आता मापाचं. टनामागे मिनिटाला साधारण ४०० घनफूट हवा लागते, म्हणजे साडेपाच टनांना २२०० सीएफएम (मिनिटाला घनफूट). राहत्या घरात मुख्य डक्टमधून हवा मिनिटाला ७०० ते ९०० फुटांपेक्षा जोरात जाऊ नये, खोल्यांकडे फुटणाऱ्या फांद्यांमधून ५०० ते ६००. २२०० भागिले ९०० म्हणजे जवळपास अडीच चौरस फूट तोंड, म्हणजे २४ बाय १५ इंचांचा डक्ट. कोटेशनमध्ये हेच माप लिहिलेलं होतं. पीओपीच्या खोट्या छताचा तुकडा कापून टेप लावला तर निघाला १८ बाय १०. त्यातून तेवढीच हवा ढकलायची तर वेग १७५० फुटांच्या वर जातो, म्हणजे दुपटीच्या आसपास. वेग दुप्पट झाला की दाबाचा खर्च चौपट होतो. घरगुती डक्टेबलच्या ब्लोअरकडे बाहेर वापरायला दाब असतो काही मिलीमीटर पाण्याइतकाच. त्यातला बराच सुरुवातीलाच खर्च होतो. म्हणून जवळच्या हॉलमध्ये वादळ आणि मागच्या खोलीत फुंकर.

माप कमी केल्याने ठेकेदाराला काय मिळालं, तेही बघा. डक्टचं बिल पत्र्याच्या क्षेत्रफळावर होतं. २४ बाय १५ चा घेर साडेसहा फूट, तीस फूट लांबीला १९५ चौरस फूट पत्रा. १८ बाय १० चा घेर पावणेपाच फुटांच्या आत, त्याच लांबीला १४० चौरस फूट. बिल १९५ चं झालं. वर पत्रा लिहिला २४ गेज, लावला २६. २४ गेज म्हणजे ०.६३ मिमी, चौरस मीटरला जवळपास पाच किलो. २६ गेज म्हणजे अर्धा मिमी, चार किलोच्या आत. एकट्या मुख्य डक्टमध्ये ९० किलोच्या ठिकाणी ५१ किलो पत्रा बसला. फांद्या, बेंड आणि जाळीमागचे डबे यांचा हिशेब यात धरलेलाच नाही.

गेज बघायला मायक्रोमीटर लागतो. तो कुठल्याही लेथवाल्याकडे असतो. कापलेल्या कडेला तीन ठिकाणी धरा. झिंकच्या थरामुळे माप किंचित जास्त येतं, फार कमी येऊ नये. डक्टसाठीचं भारतीय मानक आयएस ६५५ हे ७५० मिमी रुंदीपर्यंत ०.६३ मिमी पत्रा सांगतं, त्यापुढे १५०० मिमीपर्यंत ०.८०. पत्रा आयएस २७७ चा, १२० जीएसएम (चौरस मीटरला १२० ग्रॅम) झिंकचा असावा. कारखान्याचा छाप पत्र्यावर असतो, तो बाहेरच्या बाजूने दिसेल असाच डक्ट घडवायला सांगा. पातळ पत्र्याची दुसरी ओळख म्हणजे ब्लोअर सुरू-बंद होताना डक्ट 'डब्ब' असा आवाज करतो. पत्रा फुगतो आणि परत आत जातो, त्याचा हा आवाज.

इन्सुलेशनमध्ये डोळ्यांना फसवणं सगळ्यात सोपं असतं, कारण वरून सगळंच चकचकीत फॉइल दिसतं. कोटेशनमध्ये १९ मिमी नायट्राइल रबर होतं, प्रत्यक्षात ९ मिमी. गच्चीवरून जाणाऱ्या तुकड्यावर तर नुसती बबलची फॉइल गुंडाळलेली. बाहेर ४४ अंश आणि डक्टमध्ये १४ अंश धरले तर दहा चौरस मीटर उघडा पत्रा सावलीतसुद्धा दीड किलोवॉटच्या वर उष्णता आत घेतो. एक टन म्हणजे साडेतीन किलोवॉट, म्हणजे जवळपास अर्धा टन गच्चीवरच वाया. १९ मिमी रबर नीट चिकटवलं तर हे नुकसान चौथाईवर येतं. तपासायला टाचणी टोचा, पत्र्याला लागेपर्यंत आत जाऊ द्या, बोटाने खूण धरा आणि पट्टीवर मोजा. डक्टचे दोन तुकडे जिथे जुळतात त्या फ्लँजच्या जोडावर रबर तोडलेलं नाही ना, तेही हात फिरवून बघा, तिथेच कामगार कंटाळा करतात.

हीच चोरी जुलैत पुन्हा डोकं वर काढते. पावसाळी दमट हवेत, ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असताना, २७ अंशांखालच्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी धरतं. पातळ इन्सुलेशनचा डक्ट गळायला लागतो आणि पीओपीवर पिवळे डाग पडतात. तेव्हा ठेकेदार सांगतो की स्लॅब गळतोय, वॉटरप्रूफिंग करून घ्या. एसी दोन दिवस बंद ठेवा. पाऊस चालू असूनही डाग वाळायला लागला तर पाणी डक्टचं. गच्ची खोदायची घाई करू नका.

सगळ्यात मोठी गोष्ट मात्र बिलात दिसत नाही, कारण ती केलेलीच नसते. परतीचा डक्ट. थंड हवा खोलीत सोडायची तर तेवढीच हवा मशीनकडे परत आली पाहिजे. देवपूरच्या घरात परतीची जाळी हॉलमध्ये एकच होती, आणि तिच्या वर डक्ट नव्हता. जाळीतून हवा पीओपी आणि स्लॅबमधल्या पोकळीत सोडलेली, मशीन तिथूनच ओढून घेत होतं. मे महिन्यात दुपारनंतर त्या पोकळीतली हवा चाळिशीच्या वर असते. परत येणाऱ्या २७ अंशांच्या हवेत पाचवा हिस्सा ४२ अंशांची मिसळली की मशीनला ३० अंशांची हवा मिळते. शिवाय वायरिंगच्या झिऱ्यांतली धूळ कॉइलवर बसते ती वेगळी. कोणी 'सिलिंगमधूनच रिटर्न घेऊ, मोठमोठ्या ठिकाणी असंच करतात' म्हणालं तर विचारा की वरचा स्लॅब उन्हात आहे का. वर दुसरा मजला असेल तर एकवेळ चालतं. वर गच्ची असेल तर नाही. तपासणी सोपी: खोलीतलं तापमान आणि मशीनच्या परतीच्या तोंडाशी तापमान, दोन्हींत एक अंशापेक्षा जास्त फरक नको.

बेडरूमचं दार लावलं की थंडी कमी होते, ही तक्रारही परतीचीच. ५०० सीएफएम हवा आत येते आणि बाहेर जायला दाराखालची अर्ध्या इंचाची फट, म्हणजे जेमतेम १५ चौरस इंच. अशा खोलीला दारात किंवा भिंतीत पावणेदोन-दोन चौरस फूट मोकळी जागा देणारी जाळी लागते, नाहीतर स्वतंत्र परतीचा डक्ट. दार चार बोटं उघडून बघा. तेवढ्याने जाळीतल्या हवेचा जोर वाढला तर निदान झालंच.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. लवचिक डक्ट हा जाळीपाशी पाच-सहा फुटांचा तुकडा म्हणून ठीक, पंधरा-वीस फूट नागमोडी टाकलेला म्हणजे पत्र्याची बचत. तो ताणलेला हवा, फुटामागे अर्ध्या इंचापेक्षा जास्त झोळ नको. प्रत्येक फांदीला मुळाशी डॅम्पर, म्हणजे हवा कमी-जास्त करायची झडप, पाहिजे. जाळीतल्या पट्ट्या मिटवून हवा कमी केली की आवाज वाढतो. जोडांवर गास्केट आणि सीलंट हवं, कापडी चिकटपट्टी आपल्या उन्हाळ्यात एका हंगामात सुटते. रात्री डक्टच्या आत दिवा सोडून बाहेरून बघा, जिथून उजेड येतो तिथून हवा जाणार. हिवाळ्यात धुळ्याचा पारा सहा-सात अंशांवर येतो म्हणून 'हॉट अँड कोल्ड'चे जादा पैसे घेतात. मशीनच्या नेमप्लेटवर हीटिंगची क्षमता वेगळी छापलेली नसेल तर ते मशीन नुसतं थंड करणारं आहे.

आणखी एक प्रकार जळगाव-भुसावळकडे जोरात आहे: 'उन्हाळ्यात डक्ट कूलर, पावसाळ्यात एसी, डक्ट एकच.' ऐकायला छान वाटतं. कूलर कोरड्या हवेत खरोखर चांगला चालतो. ४३ अंश आणि १५ टक्के आर्द्रतेला चांगल्या पॅडमधून २६ अंशांची हवा मिळते. जुलैत मात्र तोच कूलर २९ अंशांची ओली हवा देतो. पण मूळ भानगड हवेच्या मापाची आहे. कूलरला तासाला वीसेक वेळा खोलीतली हवा बदलावी लागते. ८०० चौरस फूट आणि दहा फूट उंचीला ते २६०० सीएफएमच्या वर जातं, जास्त गरम घरात त्याहून पुढे. शिवाय कूलरची हवा खिडक्यांतून बाहेर काढावी लागते, एसीची परत आणावी लागते. कूलरच्या मापाचा डक्ट एसीला मोठा आणि इन्सुलेशनशिवाय, एसीच्या मापाचा कूलरला लहान. मधली झडप नीट मिटली नाही तर एसी चालू असताना कूलरच्या पॅडमधून बाहेरची हवा घरात येते. तरीही करायचंच असेल तर दोन्हींचं हवेचं गणित कागदावर मागा. देता आलं नाही तर पुढे बोलू नका.

ही कामं फसतात त्याचं एक कारण वेळ. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी चालू करून देतो, असं म्हणत सगळं घाईत होतं. डक्ट टांगला की दुसऱ्याच दिवशी पीओपीवाला हजर. ही घाई ठेकेदाराच्या सोयीची असते. वर्क ऑर्डरमध्येच लिहून घ्या: प्रत्येक तुकड्याचं आतलं माप, पत्र्याची जाडी मिमीमध्ये (नुसतं 'गेज' नको), इन्सुलेशनची जाडी आणि प्रकार, परतीचा डक्ट कुठून, डॅम्पर किती, आणि बिल प्रत्यक्ष मोजणीवर. पीओपी बंद व्हायच्या आधी टेप लावून फोटो काढा आणि मोजणीच्या कागदावर दोघांच्या सह्या घ्या. शेवटचे १५-२० टक्के पैसे प्रत्येक जाळीवर ॲनेमोमीटरने, म्हणजे हवेचा वेग मोजायच्या यंत्राने, हवा मोजल्यावरच. अॅडव्हान्स निम्म्याच्या वर मागणाऱ्याला नमस्कार करा. कोटेशनमध्ये कर किती लावलाय तेही बघा. एसीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तरी जुना दर छापलेले कागद अजून फिरतात.

काम आधीच झालं असेल आणि शंका असेल, तर उघडण्याआधी ठेकेदाराला लेखी कळवून अमुक दिवशी तपासणीला या म्हणून बोलवा, व्हॉट्सअॅप आणि स्पीड पोस्ट दोन्हींवर. तो आला नाही तरी पत्र पुरावा ठरतं. मशीनच्या कंपनीकडे जाऊन फार उपयोग नाही, त्यांची वॉरंटी मशीनची असते, डक्टची नाही. जिल्हा ग्राहक आयोगात ५० लाखांपर्यंतच्या मोबदल्याची प्रकरणं चालतात, पाच लाखांपर्यंत तक्रारीला शुल्क नाही, आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली तर काही ठेकेदार तिथेच नरमतात. आयोगात पक्कं बिल असलं तर सोपं जातं. रोख देऊन कच्च्या चिठ्ठीवर काम केलं असेल तर निदान बँकेतून पैसे काढल्याच्या नोंदी, चॅट आणि कोटेशनचा फोटो जपून ठेवा. काढलेल्या डक्टचा एक फूटभर तुकडा इन्सुलेशनसकट कापून, त्यावर तारीख आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन ठेवा. बाकीचा पत्रा भंगारवाल्याला द्यायचा तो नंतर.