मोडीची चांदीची नाणी आणि 0.01 ग्रॅमचा वजनकाटा: काही महिन्यांच्या वापरानंतर

भोक पाडलेली, कडी लावलेली, घासून चेहरा गेलेली चांदीची नाणी संग्राहक सहसा घेत नाहीत. ती मोडीत जातात, आणि मोडीत पैसे मिळतात ते वजनाचे आणि कसाचे, म्हणजे त्यात शुद्ध चांदी किती टक्के आहे त्याचे. त्यासाठी हा छोटा काटा घेतला: 200 ग्रॅमपर्यंत तोलणारा, 0.01 ग्रॅम दाखवणारा.

तोलायला चोख आहे. सोबत मिळालेलं 100 ग्रॅमचं वजन अधूनमधून ठेवून बघतो, आकडा तोच येतो. पंखा मात्र बंद करावा लागतो, नाहीतर शेवटचा अंक नाचत राहतो.

नुसतं तोलायचं तर 0.1 ग्रॅमचा काटाही चालला असता. दुसऱ्या दशांशाचे पैसे वसूल होतात ते कस ओळखताना. ब्रिटिश अमलातल्या रुपयाचं वजन 11.66 ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. सहाव्या जॉर्जच्या रुपयांत 1938-39 च्या नाण्यांत चांदी सुमारे 91.7 टक्के, 1940 ते 1945 च्या नाण्यांत फक्त 50. शुद्ध चांदी एकात जवळपास 10.7 ग्रॅम, दुसऱ्यात 5.83. राजा तोच, वजन तेच. साल घासलेलं असेल तर नुसत्या डोळ्यांना सहज कळत नाही.

अशा वेळी काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करायचा आणि नाणं दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवायचं, तळाला टेकू द्यायचं नाही. दिसतो तो आकडा म्हणजे बाजूला सरलेल्या पाण्याचं वजन. जास्त चांदीचा रुपया 1.13 च्या आसपास दाखवतो, निम्म्या चांदीचा 1.22. फरक 0.09 ग्रॅमचा! नाणं झिजलेलं असेल तर कोरडं वजन त्या आकड्याने भागायचं, म्हणजे घनता मिळते: 10.3 आलं तर चांगला कस, 9.5 आलं तर निम्मा. नाण्याला चिकटलेला बुडबुडा हा हिशेब बिघडवतो, तो आधी झटकायचा. 1947 चे रुपये निकेलचे, त्यांना लोहचुंबक पुरे.

डाख देऊन, म्हणजे दुसरा धातू वितळवून जोडलेल्या कडीपुढे मात्र हा काटा हतबल आहे. डाखाचं वजन चांदीत मिसळतं आणि घनताही खोटी येते. कडी कापून, डाख राहिलेली नाणी मी वेगळी ठेवतो.

मोड घेणाऱ्याकडे जाताना कसाप्रमाणे वेगळे ढीग आणि प्रत्येकाचं वजन लिहिलेली चिठ्ठी असते. सरमिसळ ढिगाला सरसकट हलका कस लावला जातो. आटणीची घट आणि शुद्धीकरणाचा खर्च तो कापणारच, त्यावर वाद नाही. पण कशावर किती कापलं हे आता विचारता येतं.

खटकणाऱ्या गोष्टी दोन: मिनिटभर हात लावला नाही की काटा आपोआप बंद होतो आणि शून्य केलेला पेला पुन्हा मांडावा लागतो. शिवाय काचेचा पेला पाण्यासकट 200 ग्रॅमच्या वर जातो, म्हणून प्लास्टिकचा हलका वापरतो. नव्याने घेणाऱ्याने 500 ग्रॅमचा घ्यावा, पण 0.01 दाखवणाराच; मोठ्या क्षमतेचे बरेच काटे 0.1 वरच थांबतात.