ओडीटी की डॉकएक्स? नवी पेठेतल्या डीटीपीवाल्याचं मत

"एमएस ऑफिसचं लायसन्स घेऊ, की फुकटातलं लिबर ऑफिस चालेल?" कुणी चादर कारखान्यातून विचारतं, कुणी पतसंस्थेतून. मी उलट विचारतो, फाइल तुमच्यानंतर कोण उघडणार?

सीए किंवा मुंबईचा खरेदीदार तीच फाइल दुरुस्त करून परत पाठवणार असेल, तर डॉकएक्सला, म्हणजे एमएस वर्डच्या फाइल प्रकाराला, इलाज नाही. लिबर ऑफिस ती उघडतं, सेव्हही करतं, पण मांडणी हलते. एका टॉवेलवाल्याचं दोन पानी कोटेशन माझ्याकडे उघडलं. मशीनवर मंगल फॉन्ट नव्हता, दुसरा लागला, ओळी सैल झाल्या आणि सहीची जागा एकटीच तिसऱ्या पानावर जाऊन बसली. दोष फॉन्टचा, पण बोलणी मी खाल्ली! एक्सेलमध्ये मॅक्रो, म्हणजे कामं आपोआप करणाऱ्या छोट्या सूचना, असतील तर आधी तपासून घ्या; लिबर ऑफिसात सगळेच चालत नाहीत.

घरातच राहणारा मजकूर, म्हणजे सभेचं इतिवृत्त वगैरे, मी ओडीटीत, म्हणजे लिबर ऑफिसच्या नेहमीच्या फाइल प्रकारात, ठेवतो. हे २००६ पासून आयएसओचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय, मानक आहे. डॉकएक्सही २००८ साली मानक झालं, पण त्याचे दोन अवतार आहेत, आणि वर्ड एरवी सेव्ह करतं ते जुन्या सवयी सांभाळणाऱ्या अवतारात. एक गंमत करून बघा. ओडीटी फाइलच्या नावाच्या शेवटी '.zip' लावा आणि उघडा. आत 'कंटेंट' नावाच्या फाइलमध्ये तुमची मराठी वाक्यं खुणांच्या गर्दीत सरळ वाचता येतात. उद्या लिबर ऑफिस बंद पडलं तरी मजकूर हाती राहतो.

मात्र मजकूर युनिकोडमध्ये हवा, म्हणजे फॉन्ट बदलला तरी अक्षर मराठीच राहतं. कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला 'कमल' फॉन्ट काढला की डी, ई, वाय अशी तीन इंग्रजी अक्षरं होऊन उरतो. ती फाइल ओडीटीत ठेवा नाहीतर डॉकएक्समध्ये, कुलूप फॉन्टचंच. माझ्याकडच्या जुन्या लग्नपत्रिका अशाच अडकल्यात. कन्व्हर्टरने सुटतात, पण जोडाक्षरं पुन्हा डोळ्यांखालून घालावी लागतात.

सही-शिक्क्याचं पत्र बाहेर द्यायचं असेल तर सरळ पीडीएफ द्या.

आणि पाच मशीनचं ऑफिस असेल तर सीएच्या फाइलींसाठी एकावर लायसन्स घ्या, बाकी चारांवर लिबर ऑफिस टाका. मंगल नसलेल्या मशीनवर कोटेशन मात्र उघडू नका.