चार चाकांची ट्रॉली बॅग, आठ महिन्यांनंतर: पाचपैकी अडीच तारे

दिवाळीच्या सेलमध्ये घेतली तेव्हा 9,500 वर काट मारून खाली 2,899 लिहिलं होतं. 9,500 देऊन ही बॅग घेतलेला माणूस कोणाला भेटला तर मला कळवा, त्याचे पाय धरायचे आहेत. 65 सेंटिमीटरची, निळी, कडक कवचाची, खाली चार फिरती चाकं, बाजूला तीन आकड्यांचं कुलूप. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, घर डांबरी रस्त्यापासून अर्धा किलोमीटर आत. खोकं उघडल्यावर मायनं बॅग उलटी करून पाहिली. "हे चाकं त पोट्ट्याच्या खेळण्यातले हायेत रे. आपल्या धुऱ्यावर कसे टिकतीन?" मी हसलो होतो.

बॅग घेतली ती वेलंकनीसाठी, म्हणजे तमिळनाडूत समुद्रकाठी आरोग्यमाता मरियेचं तीर्थक्षेत्र आहे तिथे जायला. बायको नागपूरची, कॅथलिक. पोराच्या आजारपणात तिने आरोग्यमातेला नवस बोलला होता. माय मात्र पक्की प्रोटेस्टंट. यवतमाळला बायबल सेमिनरी होती (1983 मध्ये ती पुण्याला गेली), त्या काळातल्या पाळकांचे संदेश ऐकत वाढलेली. "नवस-गिवस आपल्यात नसते व पोरी," असं सुनेला बजावून दोन दिवसांनी स्वतःच्या दोन साड्या आणि बायबल घेऊन बॅगेपाशी हजर. समुद्र पाहायचा होता म्हणे.

तिथला 8 सप्टेंबरचा, मरियेच्या जन्माचा सण आम्ही टाळला. 29 ऑगस्टला तिथे झेंडा चढला की गर्दीला अंत नसतो, आणि ते दिवस आमचे फवारणीचे. तूर घरात आल्यावर, फेब्रुवारीत, राखेच्या बुधवारच्या (त्या दिवशी आमचा उपवासकाळ सुरू होतो) आत जाऊन यायचं ठरलं. रिझर्वेशन आता 60 दिवस आधीच उघडते, पूर्वीसारखं 120 नाही, तेही सकाळी 8 ला. 8 ला आमच्या गावात नेट नसते. फाट्यावरच्या ऑनलाइन सेंटरवर साडेसातपासून बसलो तेव्हा पाचपैकी चार बर्थ पक्के झाले, एक आरएसी.

आता बॅगेचं. आधी चांगलं सांगतो, कारण तेही आहे. कवच पॉलिप्रॉपिलीनचं आहे. अंगठ्याने दाबलं की आत जाते, सोडलं की परत वर येते. सेवाग्रामला जाताना एसटीत कोणीतरी तिच्यावर हरभऱ्याचं पोतं टाकलं, तरी चीर नाही. माझ्या साळ्याची एबीएस नावाच्या दुसऱ्या प्लास्टिकची बॅग अशाच एका प्रवासात कोपऱ्यात फुटली होती. लेबलवर पॉलिप्रॉपिलीन हा एक शब्द नक्की वाचून घ्या. चेन खणखणीत. आतले पट्टे ठीकठाक.

कुलपाचा नंबर पोरीने ठेवला 316. योहान 3:16, बायबलातलं आमच्यात सगळ्यांना पाठ असलेलं वचन, घरात कोणी विसरायचा प्रश्नच नाही. आपल्यातला कोणी चोर निघाला तर तोही पहिल्यांदा हाच लावून पाहील, हे मला रेल्वेने बल्लारशा सोडल्यावर सुचलं. पण चोराची गरज पडली नाही. नंबर बदलायची जी बारीक टाचणीएवढी खिट्टी असते, ती दाबल्यावर परत बाहेर यायला पाहिजे. ती अर्धवट आत अडकली होती. आम्ही बॅग बंद करून आकडे फिरवले आणि त्याच फिरवाफिरवीत नवा नंबर बसला. रात्री मायच्या बीपीच्या गोळ्या काढायच्या, तर 316 ला कुलूप ढिम्म. तीन आकडे म्हणजे 1000 शक्यता. 000 पासून सुरुवात केली. पोरगी मोबाइलची बॅटरी धरून, मी आकडे फिरवत, समोरचे तमिळ काका काही न बोलता दर शंभराला मान डोलवत. 724 ला खट्ट झालं. पाऊण तास गेला. काकांनी टाळी दिली.

चाकांचं खरं स्वरूप दोनदा कळलं. चेन्नई सेंट्रलच्या फरशीवर पोरीने भरलेली बॅग एका बोटाने ढकलत नेली, मला वाटलं पैसे वसूल. वेलंकनीला लॉज शोधताना वाळूतून ओढली, तेव्हापासून कुरकुर सुरू. तिथे लोक गुडघ्यांवर चालत जातात ती वाट वाळूचीच आहे. बायकोनेही तसाच नवस फेडला. माय बाजूने तिचा हात धरून चालली, तोंडाने आपलंच, 'उपासना संगीत' या आमच्या गीतपुस्तकातलं गाणं म्हणत.

परतल्यावर फाटा ते घर, वाळलेली ढेकळं आणि मुरूम, तिथे एक चाक लोळलं. खरं म्हणजे चाक शाबूत होतं, ते ज्या वाटीत बसते ती वाटी चिरली होती. कवचाला जे प्लास्टिक वापरलं ते वाटीला का नाही, देव जाणे.

वॉरंटी तीन वर्षांची. कस्टमर केअरने आधी बिल मागितलं, मग फोटो, मग खोकं उघडतानाचा व्हिडिओ. खोकं उघडताना व्हिडिओ कोण काढते? शेवटी कळलं की आमच्या पिनकोडवर पिकअप नाही, बॅग नागपूरला आणून द्या, आणि चाकं "झिजेत" धरतात, म्हणजे वॉरंटीत नाहीत. माल पोचवताना हाच पिनकोड चालला होता. मी सोडून देणार होतो, क्षमा वगैरे करून. माय म्हणाली, "थे विधवा न्यायाधीशाच्या मांग लागली व्हती न बायबलात, लूकमधी, तिच्यावानी लाग. रोज."

मग 1915 वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथून विषय हलला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जायचं ठरवलं होतं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार आपण राहतो तिथेच करता येते, दोन वर्षांच्या आत, आणि वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. गरज पडली नाही. एकविसाव्या दिवशी कंपनीचाच फोन आला, एकदम गोड आवाजात.

तोवर यवतमाळच्या बॅगवाल्याने 180 रुपयांत मोठी रबरी चाकं बसवून दिली होती, दोनच, मागच्या बाजूला. आता ती तिरपी करून ओढावी लागते, पण मुरुमावर पळते. आमच्यासारख्या रस्त्यावर राहत असाल तर मुळात दोन मोठ्या, अर्ध्या आत बसवलेल्या चाकांचीच बॅग घ्या.

कंपनीची चाकं जूनमध्ये आली. दुसऱ्याच मॉडेलची आहेत, बसत नाहीत. तेव्हा माय रोज सकाळी चहासोबत विचारते, "आज लावला का फोन?"